वाचकांचे प्रश्न: आपला समुद्र नेमका कुठपर्यंत?

गेल्या अंकात समुद्राच्या हद्दींबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा म्हटलं होतं, तर ठाणे, दिवाळे, ऐरोली, उलवे, कळवा अशा सगळीकडून प्रश्न आलेत. बऱ्याच जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारलीय, की समुद्राचा मालक कोण. मी जहाजांच्या कोर्टकेसेसचं काम करते, त्यामुळे आधीच सांगते, प्रश्न असा टाकला की उत्तर भरकटतं. जमिनीवर सातबारा काढला की नाव दिसतं, समुद्रात तसं नाहीये. तिथे एकाच जागी पाण्यावर एकाचा हक्क, माशांवर दुसऱ्याचा, तळावर तिसऱ्याचा आणि वरून जायचा सगळ्यांचा असं असू शकतं. म्हणून विचारायचं ते हे, की कुठला हक्क, कुणाचा, आणि किती मैलांपर्यंत. आता एकेक प्रश्न घेऊ.

आमच्या तीन पिढ्या खाडीत मासेमारी करतात. कुणी म्हणतं खाडी पोर्टची, कुणी म्हणतं वनखात्याची, कुणी सिडकोची. आंतरराष्ट्रीय कायद्यात आमच्या खाडीला काही स्थान आहे का? (एक तरुण वाचक, दिवाळे कोळीवाडा)

आहे, आणि ते बरंच पक्कं आहे. १९८२ साली जमैकामधल्या माँटेगो बे इथे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारावर सह्या झाल्या, तो १९९४ मध्ये लागू झाला आणि भारताने १९९५ मध्ये त्याला मान्यता दिली. या करारात सगळी मोजणी एका रेघेपासून सुरू होते, तिला बेसलाइन म्हणतात. साधारणपणे ओहोटीला पाणी जिथपर्यंत मागे जातं ती किनाऱ्याची रेघ म्हणजे बेसलाइन. आता खाडी आणि उपसागर आला की ओहोटीच्या रेघेच्या मागे मागे आत जात बसायचं नाही, तोंडाचं अंतर २४ सागरी मैलांपर्यंत असेल आणि आतलं पाणी पुरेसं मोठं असेल तर तोंडावर सरळ रेघ मारायची, आतलं सगळं पाणी त्या देशाचं अंतर्गत पाणी. मुंबई बंदराचं तोंड त्यापेक्षा कितीतरी अरुंद आहे. म्हणजे ठाण्याची खाडी, वाशी, बेलापूर, उरणपर्यंतचं पाणी, हे सगळं कायद्याच्या नजरेत जवळपास जमिनीसारखंच. परदेशी जहाजाला १२ मैलांच्या पट्ट्यातून निरुपद्रवीपणे जायचा जो हक्क असतो तो इथे नाही, न्हावा-शेव्याला येणारं प्रत्येक जहाज आपल्या परवानगीने येतं आणि आत आलं की आपले कायदे पाळतं.

पण हे झालं देश आणि देश यांच्यातलं. तुम्हाला विचारायचंय ते देशाच्या आतलं. तर खाडीचा तळ, म्हणजे भरतीच्या रेघेखालचा, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० नुसार राज्य सरकारचा आहे, समुद्र, बंदरं आणि खाड्यांचा तळ असा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. तेच कलम असंही म्हणतं की कुणाचा हक्क सिद्ध होत असेल तर तो शाबूत राहतो, आणि हा भाग लोक वाचतच नाहीत. मोठ्या बंदरांच्या हद्दीत नौकानयनाचा कारभार केंद्राच्या कायद्याखालच्या पोर्टकडे, कांदळवनं वनखात्याच्या संरक्षणात, २०१५ पासून खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळसुद्धा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. वर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवर काय करता येतं आणि काय नाही याचे केंद्राचे नियम, आहेत. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत एका काठाच्या ओहोटी रेघेपासून समोरच्या काठाच्या ओहोटी रेघेपर्यंतचं पाणी आणि त्याखालचा तळ दोन्ही धरलेत, त्यामुळे खाडीत भराव किंवा खांब टाकायचा म्हटलं की तळालाही कायद्याचं संरक्षण आहे.

मग तुमचं काय? भरतीच्या पाण्यात मासेमारी करायचा लोकांचा हक्क आपल्याकडे कोर्टांनी फार आधीपासून मानलाय. माझं स्पष्ट मत आहे की कोळीवाड्यांनी खाडी आमच्या मालकीची असं म्हणण्यापेक्षा वहिवाटीचा पुरावा गोळा करावा, जुने बोटींचे परवाने, सोसायटीची रजिस्टरं, डोल जाळी कुठे लागतात त्याचे नकाशे, कुठल्या महिन्यात कुठलं म्हावरं कुठे मिळतं त्याच्या नोंदी. पूल किंवा जेट्टी येते तेव्हा नुकसानभरपाईची चर्चा याच कागदांवर होते, आणि ज्यांच्याकडे कागद नसतात त्यांना कुणी विचारत नाही. आजोबा आहेत तोवर त्यांना विचारून लिहून घ्या.

एमपीएससीचा अभ्यास करतेय. १२, २४, २०० मैल हे पाठ आहे पण प्रत्यक्षात फरक काय पडतो ते कळत नाही. आणि १२ च का? (विद्यार्थिनी, घोडबंदर रोड, ठाणे)

चांगला प्रश्न आहे, पाठांतराने हे खरंच कळत नाही. आधी सागरी मैल लक्षात ठेव, १.८५२ किलोमीटर. म्हणजे १२ मैल म्हणजे साधारण २२ किलोमीटर, २४ म्हणजे ४४, आणि २०० म्हणजे ३७०.

१२ च्या मागे इतिहास आहे. सतराव्या शतकात डच कायदेपंडित ग्रोशियसने १६०९ मध्ये मांडलं की समुद्र कुणाचाच नाही, सगळ्यांना खुला आहे. आणि त्याच काळात आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज कार्ताझ नावाचा परवाना घेतल्याशिवाय जहाज जाऊ देत नव्हते! पुढे कान्होजी आंग्र्यांनी हाच हक्क आपल्या पाण्यात बजावला, त्यांचा दस्तक नसलेलं जहाज ते धरायचे, आणि इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवलं. कार्ताझ देणारे सत्ताधीश आणि दस्तक देणारे चाचे हे मला कधीच पटलेलं नाही, दोघं किनाऱ्यावरच्या सत्तेचा एकच दावा करत होते. पुढे युरोपात किनाऱ्यावरच्या तोफेचा गोळा जाईल तिथवर राज्य असा विचार रुजला आणि त्यातून ३ मैल रूढ झाले. भारताने १९५६ मध्ये ६ मैल जाहीर केले, १९६७ मध्ये १२. मग १९७६ मध्ये सागरी क्षेत्रांचा स्वतंत्र कायदा आला, १९८२ च्या कराराच्याही आधी, आणि तोच आजही चालतो.

आता फरक. १२ मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र, इथे सार्वभौमत्व आहे, पाणी, तळ, वरचं आकाश सगळ्यावर, फक्त परदेशी जहाजांना शांतपणे जाऊ द्यावं लागतं. युद्धनौकांनी आधी कळवावं असं आपला कायदा म्हणतो. १२ ते २४ हा संलग्न पट्टा, इथे कस्टम, कर, इमिग्रेशन आणि आरोग्याचे नियम मोडले जाऊ नयेत म्हणून तपासणी करता येते, आपल्या कायद्याने त्यात सुरक्षाही घातलीय. आणि २०० मैलांपर्यंत ईईझेड, म्हणजे अनन्य आर्थिक क्षेत्र. गावाकडे बाग तुमची, आंबे तुमचे, पण मधून जाणारी वहिवाटीची वाट अडवता येत नाही ना, तसं. मासे, तेल, वाऱ्यापासून वीज, संशोधनाला परवानगी हे सगळं आपलं, पण जहाजं आणि विमानं कुणाचीही जाऊ शकतात. परदेशी नौदलाने इथे सराव करायचा की नाही यावर मात्र वाद आहे, भारत म्हणतो आमच्या संमतीशिवाय नाही, अमेरिका म्हणते चालतं. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकी नौदलाची जॉन पॉल जोन्स ही युद्धनौका लक्षद्वीपच्या पश्चिमेला आपल्या ईईझेडमध्ये न विचारता येऊन गेली आणि अमेरिकेने ते स्वतः जाहीर केलं, भारताने हरकत नोंदवली. गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे, कारण अमेरिकेने या कराराला आजवर मान्यताच दिलेली नाही.

फरक समजायला एनरिका लेक्सी प्रकरण वाच. १५ फेब्रुवारी २०१२, केरळच्या किनाऱ्यापासून साधारण साडेवीस मैलांवर इटलीच्या टँकरवरच्या नौसैनिकांनी चाचे समजून गोळ्या झाडल्या आणि सेंट अँटनी नावाच्या बोटीवरचे आपले दोन मच्छीमार गेले. साडेवीस म्हणजे १२ च्या बाहेर, २४ च्या आत. केरळ पोलिसांनी अटक केली, पण सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलं की १२ मैलांच्या बाहेर राज्याचा अधिकार नाही, केंद्राचा आहे. पुढे प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेलं, २०२० मध्ये निकाल आला की नौसैनिकांना सरकारी कामातलं संरक्षण आहे म्हणून खटला इटलीत चालावा, पण भारताच्या बोटीच्या नौकानयनाच्या हक्काचा भंग झालाय म्हणून भरपाई द्यावी. इटलीने १० कोटी रुपये भरले. १२ च्या बाहेरच्या साडेआठ मैलांमुळे खटला केरळकडून केंद्राकडे गेला, हे परीक्षेत लिहिलंस तर तपासणाऱ्याला कळेल की तुला विषय समजलाय.

बॉम्बे हायचं तेल आणि गॅस उरणला येतो, मग त्याची रॉयल्टी महाराष्ट्राला का नाही? आणि ते प्लॅटफॉर्म म्हणजे आपली बेटंच झाली ना? (निवृत्त अभियंता, उलवे)

बेटं नाहीत. माणसाने बांधलेल्या प्लॅटफॉर्मला बेटाचा दर्जा मिळत नाही, त्याच्याभोवती १२ मैल मोजता येत नाहीत, फक्त ५०० मीटरपर्यंत सुरक्षा क्षेत्र ठेवता येतं. आपल्या मच्छीमारांना तिथून हाकलतात ते त्यामुळेच. आणि प्लॅटफॉर्मच्या सावलीत मासा गोळा होतो हे सगळ्यांना माहीत आहे म्हणून बोटी जातातच, पण तिथे जाळं पाइपलाइनला अडकलं तर जीवावर बेतू शकतं, त्यामुळे या एका नियमाबद्दल मी प्रशासनाच्या बाजूची आहे.

रॉयल्टीचं म्हणाल तर उत्तर राज्यघटनेत आहे. कलम २९७ सांगतं की प्रादेशिक समुद्र, खंडमंच (म्हणजे किनाऱ्यापासून पाण्याखाली पुढे पसरलेला जमिनीचा भाग) आणि ईईझेड यांच्याखालची जमीन, खनिजं आणि मौल्यवान वस्तू केंद्राच्या. १९७४ मध्ये सागर सम्राट या तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजाने बॉम्बे हायला तेल शोधलं, ती जागा मुंबईपासून दीडशेहून जास्त किलोमीटर लांब, म्हणजे २२ किलोमीटरच्या कितीतरी बाहेर. तिथे सार्वभौमत्वच नाही, फक्त संसाधनांवर हक्क आहे आणि तो केंद्राचा. खंडमंचाची कल्पनाही तेलातूनच आली, १९४५ मध्ये अमेरिकेच्या ट्रूमन यांनी जाहीर केलं की आमच्या किनाऱ्याला लागून असलेल्या उथळ समुद्रतळातलं तेल आमचं, मग चिली, पेरू यांनी मासे वाचवायला २०० मैलांचा दावा केला. खंडमंच नैसर्गिकरीत्या लांब पसरलेला असेल तर २०० च्या पुढेही दावा करता येतो, भारताने तसा दावा ११ मे २००९ ला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडे दिलाय. पण तिथे फक्त तळ आपला, वरचं पाणी आणि मासे नाहीत.

राज्याला काहीतरी वाटा मिळावा हे म्हणणं राजकीय आहे आणि मला ते योग्यही वाटतं, कारण पाइपलाइन, धोका आणि प्रदूषण किनाऱ्यावरची गावं सोसतात. पण ते कोर्टात नाही, संसदेत मांडावं लागेल.

ऐरोलीत डेटा सेंटरमध्ये काम करतो. आमचं सगळं इंटरनेट समुद्रतळावरच्या केबलने येतं. त्या केबल कुणाच्या हद्दीत असतात आणि तुटल्या तर जबाबदार कोण? (वाचक, ऐरोली)

केबल कंपनीची, तळ कुणाचाही असो. १२ मैलांच्या आत केबल टाकायची तर आपली परवानगी लागते, त्यापुढे खंडमंचावर केबल टाकायचा हक्क सगळ्या देशांना आहे, आपण तेल-खनिजांच्या कामापुरती वाजवी बंधनं घालू शकतो पण अडवू शकत नाही. मुंबईत वर्सोव्याला बऱ्याच केबल किनाऱ्याला लागतात, तिथून तुमच्या ऐरोली-महापेपर्यंत. मुद्दाम किंवा निष्काळजीपणाने केबल तोडणं हा गुन्हा धरावा असं करार सांगतो.

पण याच करारातलं कलम ११५ मला सगळ्यात आवडतं आणि ते कुठल्याच जेट्टीवर कुणाला माहीत नाही. जाळं किंवा नांगर केबलमध्ये अडकला, आणि केबल तुटू नये म्हणून बोटवाल्याने स्वतःचं जाळं किंवा नांगर कापून सोडून दिला, तर त्या जाळ्याची भरपाई केबलच्या मालकाने द्यायची! अट एवढीच, की आधी शक्य ती सगळी काळजी घेतलेली असली पाहिजे. प्रत्येक देशाने त्यासाठी कायदे करावेत असं तिथे म्हटलंय. १८८४ च्या जुन्या केबल करारातही हे होतं, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे. नाखवांनी काय करावं, तर जाळं कापायच्या आधी जीपीएसची जागा आणि वेळ मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावी, किनाऱ्यावर आल्याआल्या मत्स्य विभागाला लेखी कळवावं. तुम्ही डेटा सेंटरवाले या विषयावर काही बोललात तर कंपन्यांच्या कानावर लवकर जाईल.

२०० मैलांच्याही पलीकडे समुद्रतळ कुणाचा? (शिक्षिका, कळवा)

देशांचे खंडमंच संपले की पुढचा तळ कुणाही एका देशाचा नाही, सगळ्या मानवजातीचा वारसा. ही कल्पना माल्टाचे राजदूत आर्विद पार्दो यांनी १ नोव्हेंबर १९६७ ला संयुक्त राष्ट्रांत मांडली, एका छोट्या बेटाच्या माणसाने, कारण त्यांना दिसत होतं की तंत्रज्ञान असलेले चार देश सगळा तळ वाटून घेतील. त्यातून जमैकात किंग्स्टनला आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण आलं. भारताला मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरवर मँगनीज, निकेल, कोबाल्ट असलेले गोळे शोधायचा हक्क आहे, शोधायचा, काढून विकायचा नाही, खाणकामाचे नियम अजून ठरतायत. मुलांना हे जरूर शिकवा, पुस्तकात एक ओळ असते.

माझा मावसभाऊ डहाणूकडचा, ओख्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि पाकिस्तानने पकडलं. आंतरराष्ट्रीय कायदा आमच्या कामाचा आहे का? (वाचक, कोपरी, ठाणे)

ताई, आहे, पण त्याचा वापर करून घ्यावा लागतो. पालघर २०१४ पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं, तिथले आदिवासी आणि कोळी तरुण गुजरातच्या बोटींवर हंगामी कामाला जातात हे नवं नाही, आणि बोट कुठे नेतात ते तांडेल ठरवतो, खलाशाच्या हातात काही नसतं.

पहिली गोष्ट, ज्या रेघेवरून हे सगळं होतं ती रेघ दोन्ही देशांनी मिळून आजवर ठरवलेलीच नाही. कच्छच्या टोकाला सर क्रीक नावाची खाडी आहे, १९१४ मध्ये मुंबई सरकारने सिंध आणि कच्छमधला वाद मिटवताना एक नकाशा केला, पाकिस्तान म्हणतं त्या नकाशाप्रमाणे पूर्वेचा काठ ही हद्द, भारत म्हणतो खाडीच्या मधला प्रवाह. १९६८ च्या लवादाने कच्छच्या रणाचा निकाल दिला पण सर क्रीकला हात लावला नाही. खाडीचं तोंडच ठरलं नाही तर तिथून समुद्रात जाणारी रेघ कशी ठरणार? जीपीएसवर जी हद्द दिसते ती नौदल आणि तटरक्षकांच्या वापरातली, दोघांनी सही केलेली नाही.

दुसरी गोष्ट, १९८२ च्या कराराचं कलम ७३. ईईझेडमध्ये परवानगीशिवाय मासेमारी केली तर दुसऱ्या देशाच्या लोकांना तुरुंगात टाकता येत नाही, दोन्ही देशांनी तसं वेगळं ठरवलेलं नसेल तर फक्त दंड, आणि वाजवी जामीन दिला की बोट आणि माणसं लगेच सोडायची. भारताने १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये हा करार मान्य केलाय. आपल्या १९८१ च्या परदेशी बोटींच्या कायद्यातही ईईझेडमधल्या मासेमारीला दंडाचीच शिक्षा आहे. पण प्रादेशिक समुद्रात शिरले असं म्हटलं की हे कलम लागत नाही, आणि दोन्हीकडे तेच म्हटलं जातं. म्हणून बोट नेमकी कुठे पकडली हे अक्षांश-रेखांशासकट लिहून घेणं महत्त्वाचं आहे, सोबतच्या बोटीवाल्यांनी वायरलेसवर काय ऐकलं, शेवटची जागा कुठली होती, हे सगळं आत्ताच विचारून ठेवा, वर्षभराने कुणाला आठवत नाही. गरीब खलाशाला वर्षानुवर्षं आत ठेवणं हे दोन्ही देशांकडून होतं आणि दोन्हीकडून चूक आहे, हे मी ठामपणे म्हणते.

तिसरी गोष्ट जास्त उपयोगाची. २१ मे २००८ चा भारत-पाक करार आहे, त्यानुसार अटकेनंतर तीन महिन्यांत आपल्या वकिलातीच्या माणसाला कैद्याला भेटू द्यावं लागतं, आणि शिक्षा संपून नागरिकत्वाची खात्री झाली की महिन्याभरात परत पाठवायचं असतं. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. लोक अडकतात ते बहुतेक वेळा नागरिकत्वाच्या खात्रीपाशी, कारण आधारवर एक नाव, बोटीच्या खलाशी यादीत दुसरं, आणि तिकडच्या पोलिसांनी ऐकून लिहिलेलं तिसरंच.

म्हणून लगेच करायचं ते असं. मावसभावाचं आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, फोटो आणि बोटमालकाकडची खलाशी यादी एकत्र करून त्यावर सगळ्या नावांचं स्पेलिंग जुळवा, जुळत नसेल तर तहसीलदाराकडून तसं पत्र घ्या. हे सगळं मत्स्य विभागाच्या जिल्हा कार्यालयात आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या, तिथून ते परराष्ट्र मंत्रालयाकडे जातं. पुढच्या यादीच्या तारखेआधी एकदा परत जाऊन त्याचं नाव पुढे गेलंय का विचारा. बोटमालक गुजरातचा असला तरी तो तिकडच्या मत्स्य विभागाकडे अर्ज करतोच, त्याच्या अर्जाची प्रत मागून घ्या, म्हणजे दोन राज्यांतून एकाच माणसाची दोन वेगळी नावं दिल्लीला जाणार नाहीत.